बदकाचं बटण

काळजीबाईला 'काळजीबाई' हे नाव प्रयोगशाळेनं दिलं आणि घरानं ते आनंदानं उचललं. नाव चुकीचं आहे, असं तिचंही म्हणणं नव्हतं. लेकीला द्राक्ष द्यायचं तर त्याचे चार तुकडे करायचे, मग त्या तुकड्यांचे पुन्हा दोन. लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास लागला की हुश्श करायचं, आणि लगेच तो श्वास जरा जास्तच गरम नाही ना, या विचारात पडायचं. घरातून निघताना गॅस बंद आहे ना हे ती स्वतः बघे आणि वाटेतून फोन करून पुन्हा विचारी.

त्या संध्याकाळी मात्र ती एकेक पायरी गाळत जिना चढून आली, चपला दोन दिशांना उडवल्या आणि कुणालाही काहीही न विचारता सासूबाईंना मिठी मारली.

सासूबाईंनी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाहीये," त्या म्हणाल्या. "मग काय झालंय?"

"पाच, आई! पाच जोड्या जमल्या! सगळ्या पंच्याण्णव टक्क्यांच्या वर!"

"कुणाच्या?"

"प्रोटीनच्या!"

"मला वाटलं माणसांच्या," असं म्हणून सासूबाई पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

तेवढ्यात काळजीबाईच्या गुडघ्याला काहीतरी मऊ आणि ओलं येऊन चिकटलं. ती डिंकी. नुकती पळायला शिकलेली, तोंडात अजून सगळे दात नसलेली ही लेक दिसेल त्याला चिकटायची. आजीला, बापाला, इस्त्रीचे कपडे न्यायला येणाऱ्या माणसाला, सोफ्याच्या पायाला. पाळणाघरातल्या ताई तर म्हणायच्या, "हिला घरी न्यायला या, पण येताना कोमट पाणी घेऊन या." म्हणून डिंकी. काळजीबाईनं तिला उचललं आणि दोघी स्वयंपाकघरात गरागरा फिरल्या. एरवी लेकीला चक्कर येईल म्हणून पाळणाही हळू ढकलणारी बाई ती!

आरडाओरडा ऐकून मागच्या खोलीतून नवरा आला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरा झालेला, आणि हातात कुणाचा तरी खालचा जबडा.

"चिकटल्या?" त्यानं विचारलं.

"चिकटतील! प्रोग्राम म्हणतोय चिकटतील!"

"अगं, मग हे आईला नीट सांग ना." त्यानं हातातला जबडा आईसमोर धरला. "हे बघ. पेशीत हजारो प्रोटीनं असतात. त्यातलं कुठलं कुणाला जाऊन चिकटतं, यावर सगळा कारभार चालतो. एकेक जोडी करून बघायची तर जन्म पुरायचा नाही. म्हणून ही बाई आधीच सांगते, ही खालची कवळी त्या वरच्या कवळीवर बसेल. कवळ्या न बनवताच!"

"न बनवताच कळलं तर तुझं काय काम राहील?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्यानं जबडा खाली घेतला. "हा विचार मी केला नव्हता," तो म्हणाला आणि काळजीबाई इतकी हसली की तिला उचकी लागली. फार आनंद झाला किंवा फार भीती वाटली की तिला उचकी लागायची, आणि एकदा लागली की पाहुण्यासारखी मुक्काम ठोकायची.

आनंद साधा नव्हता. डिंकी झाल्यावर काळजीबाई दीड वर्ष घरी होती. परत कामावर गेली तेव्हा तिची खुर्ची खिडकीजवळून उठून छपाईयंत्राच्या शेजारी आली होती, आणि तीही अर्ध्या दिवसापुरती. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे किंचित सर म्हणत, कारण त्या शब्दावाचून त्यांचं वाक्य पूर्ण होत नसे. छत गळत होतं तेव्हाही ते "किंचित ओलं वाटतंय" म्हणाले होते. त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, तुमच्या गणितातली निदान एक जोडी प्रयोगाच्या टेबलावर खरी निघू दे. शुक्रवारच्या बैठकीपर्यंत. नाहीतर हे काम आपण किंचित थांबवू." आता किंचित सरांचं किंचित थांबवणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. छपाईयंत्राशेजारची खुर्चीही जाणार. आणि त्या खुर्चीवरचे चार तास हे दिवसातले असे एकमेव तास होते, जेव्हा काळजीबाई कुणाच्याही नाकाखाली बोट धरत नसे.

आता पाच जोड्यांची नावं प्रयोग करणाऱ्या मैत्रिणीकडे गेली होती, आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, ती त्या जोड्या टेबलावर लावणार होती. पाचातली एक तर निघेल! एक!

चहा झाला. काळजीबाईनं डिंकीला मांडीवर घेऊन लॅपटॉप उघडला, पाचही आकडे पुन्हा एकदा डोळे भरून बघायला. पडद्यावर दोन रिकामे चौकोन आणि खाली एक हिरवं बटण. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या कड्यांची लांबच लांब साखळी. संगणकात प्रत्येक कडीला एकेक अक्षर. वरच्या चौकोनात एका प्रोटीनची अक्षरं, खालच्या चौकोनात दुसऱ्याची. हिरवं बटण दाबलं की यांची जोडी किती टक्के जमेल ते दिसायचं.

तिनं वरच्या चौकोनात यादीतलं पहिलं प्रोटीन घातलं. खालचा चौकोन रिकामा होता. डिंकीला रिकामी जागा सहन होत नसे. तिनं दोन्ही पंजे कीबोर्डवर आपटले. थाड थाड थाड. आणि शेवटी, तिच्या रिवाजाप्रमाणे, बदक दाबून धरलं.

बदक म्हणजे एक पिवळं स्टिकर. ते डिंकीनंच मागे कधीतरी कीबोर्डच्या मधोमध एका अक्षरावर चिकटवलं होतं आणि ते निघता निघत नव्हतं. कीबोर्ड हाती लागला की आधी धिंगाणा घालायचा आणि मग बदकाला अंगठ्यानं दाबून "बद्! बद्!" म्हणायचं, हा तिचा नेम होता.

"हं, झालं माझ्या राणीचं प्रोटीन," काळजीबाई म्हणाली आणि गंमत म्हणून तिनं हिरवं बटण दाबलं.

अठ्ठ्याण्णव टक्के.

नवऱ्यानं वाकून आकडा पुन्हा वाचला. मग नवरा जो हसत सुटला, तो पार भिंतीला टेकला. "बघ! माझ्या लेकीचं प्रोटीन! यादीतल्या सगळ्यांपेक्षा वर! दे तिलाच नोकरी!"

काळजीबाई हसता हसता रडायला लागली. डिंकीला वाटलं आपण काहीतरी फार मोठं केलंय. तिनं टाळ्या पिटल्या आणि पुन्हा कीबोर्ड झोडपला. पुन्हा बदक. पुन्हा हिरवं बटण. सत्त्याण्णव.

"मला दे बघू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले, चष्मा चढवला आणि एका बोटानं, एकेक अक्षर तोलूनमापून, चांगली दोन ओळींची साखळी लिहिली. परीक्षेला बसल्यासारख्या. "दाब आता."

तीन टक्के.

"तीन?" सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "त्या पोरीनं धोपटलं त्याला अठ्ठ्याण्णव आणि मी एवढं मन लावून केलं त्याला तीन?"

"आई, तुझं कुणाशी जमणार नाही असं म्हणतोय तो," नवऱ्यानं दात काढले.

"तुझ्या बापाशी जमलं माझं चाळीस वर्षं! त्याला सांग तुझ्या प्रोग्रामला!"

काळजीबाईच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मधूनच उचकी. पोट धरून ती म्हणाली, "आई, तुम्ही बदक दाबलं नाही ना, म्हणून!"

"मग दाबते की." सासूबाईंनी मागे न हटता त्याच साखळीच्या शेवटी बदक दाबून धरलं. "हं. घे."

शहाण्णव.

"बघ!" सासूबाई जिंकल्या. नवऱ्यानं आईचा हात धरून वर केला, डिंकीनं आजीच्या पदराला धरून उड्या मारल्या. आणि काळजीबाईचं हसू अर्ध्यावर, उघड्या तोंडातच थांबलं.

तिनं बदकाकडे पाहिलं. बदकाच्या खालचं अक्षर कुठलं, हे तिला बघायची गरज नव्हती. एच.

"अरे देवा," ती म्हणाली. "शेपटी."

"बदकाची?" नवऱ्यानं विचारलं.

"प्रोटीनची!"

गोष्ट अशी होती. पेशींचा काला करून त्यातून एकच प्रोटीन वेगळं काढायचं, तर आधीच त्याच्या टोकाला एच या अक्षराच्या सहा कड्या जोडून ठेवतात. ती शेपटी निकेल लावलेल्या मण्यांना आकड्यासारखी अडकते. बाकी सगळं धुऊन टाकायचं. शेपटीवालं तेवढं मण्यांवर राहतं. जगभर असंच चालतं. शेपटी ही माणसानं लावलेली सोय, प्रोटीनचा स्वतःचा अवयव नव्हे.

आता काळजीबाईनं प्रोग्रामला शिकवलं होतं दोन ढिगांवरून. एका ढिगात खरोखर चिकटणाऱ्या जोड्या. त्या प्रयोगशाळांमधून आलेल्या, म्हणून पुष्कळांना शेपट्या. दुसऱ्या ढिगात न चिकटणाऱ्या जोड्या. त्या तिनं स्वच्छ, कोऱ्या साखळ्यांमधून स्वतः बनवलेल्या, म्हणून कुणालाच शेपटी नाही. प्रोग्रामनं हजारो जोड्या पाहिल्या, डोकं चालवलं आणि सगळ्यात सोपी खूण पकडली. दोन्हीकडे शेपटी दिसली की म्हणायचं, चिकटेल. पेशीबिशी, कारभारबिरभार त्याच्या गावीही नव्हतं. यादीतली सगळी प्रोटीनं आली होती प्रयोगशाळेच्या फ्रिजमधल्या बाटल्यांवरून. त्यातल्या अर्ध्या बाटल्यांना शेपट्या होत्या. पहिल्या पाच जोड्या म्हणजे शेपटीवाल्यांनी शेपटीवाल्यांशी केलेली हातमिळवणी.

"म्हणजे तुझा प्रोग्राम शेपट्या मोजतोय?" नवऱ्यानं विचारलं.

"सहा महिने! सहा महिने मी त्याला शेपट्या मोजायला शिकवलं!" काळजीबाई म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं, कारण रडू त्याच्या मागे रांगेत उभं होतं आणि हसू आधी पोचलं. "उच्!"

मग तिला दुसरी गोष्ट सुचली. गुरुवारचा प्रयोग त्याच निकेलच्या मण्यांवर होणार होता. एक प्रोटीन मण्यांवर अडकवायचं, दुसरं वरून सोडायचं, ते अडकलेल्याला धरून राहतं का बघायचं. पण दुसऱ्यालाही शेपटी असेल तर ते पहिल्याला कशाला धरेल? ते स्वतःच्याच शेपटीनं मण्यांना लटकेल! टेबलावर पाचच्या पाच जोड्या चिकटलेल्या दिसतील. प्रोग्राम खोटा, प्रयोगही त्याच बाजूला खोटा; खोटं खोट्याला टाळी देणार. शुक्रवारी सगळे तिचं अभिनंदन करतील. खुर्ची खिडकीजवळ जाईल.

"आणि मी गप्प बसले," ती हळूच म्हणाली, "तर कुणाला कळायलाही दोन-तीन महिने जातील."

नवरा कोपरावरचं प्लास्टर खरवडायला लागला. सासूबाईंनी भाजी पुढे ओढली. डिंकी म्हणाली, "बद्!"

"हो गं बाई," काळजीबाई म्हणाली. "बद्. सांगते त्यांना."

आधी तिनं दोन्ही ढीग उपसले. जिथे टोकाला शेपटी दिसेल तिथून कापून टाकली आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकाला घरूनच हुकूम सोडला: पुन्हा शीक, पहिल्यापासून. मग ती झोपली, म्हणजे लेकीच्या नाकाखाली बोट धरून पडून राहिली.

सकाळी निकाल तयार होता. तिनं आधी डिंकीला कीबोर्डापुढे बसवलं. थाड थाड, बदक, हिरवं बटण. चार टक्के. सासूबाईंनी बदकासकट आपली साखळी पुन्हा लिहिली. तीन.

"आता बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "आता मला पटलं तुझं यंत्र. मला काय कळतंय प्रोटीनमधलं!"

मग यादी. पाचही जोड्या धडाधड कोसळल्या होत्या. कुणी बारा टक्के, कुणी नऊ. काळजीबाईनं नखं खात खाली खाली पाहिलं. फ्रिजमधली प्रत्येक बाटली प्रत्येक बाटलीशी लावून पाहिलेली, सगळीकडे शुकशुकाट. आणि त्या शुकशुकाटात एकच जोडी, जिच्याकडे आजवर तिचं लक्षही गेलं नव्हतं. एक्क्याऐंशी टक्के.

तिनं नावं वाचली आणि उचकी लागली.

प्रयोग करणाऱ्या मैत्रिणीचं नाव स्वेटर. तिचं सगळं काम थंड खोलीत, फ्रिजच्या पोटात शिरल्यासारखं. म्हणून बाहेर ऊन भाजत असलं तरी ही आपली कोपरावर विरलेला हिरवा स्वेटर घालून फिरायची. स्वेटर आपल्या प्रोटीनांना पाळलेल्या जनावरांसारखी नावं ठेवायची. काळजीबाई थंड खोलीचं जाड दार ढकलून आत शिरली तेव्हा ती 'जाड्या' आणि 'पळपुट्या' यांच्या बाटल्या बर्फात रोवत होती.

"ये ये, नवरीकडच्या!" स्वेटरनं तोंडातून वाफ सोडत स्वागत केलं. "तुझ्याच पाच जोड्यांची तयारी चाललीय. मणी भिजत घातलेत."

"थांब. उच्. लावू नकोस."

"का गं?"

"आपण दोघी गाढव आहोत."

काळजीबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डिंकीचे अठ्ठ्याण्णव, सासूबाईंचे तीन, बदक, शेपटी. मण्यांपर्यंत आली तेव्हा स्वेटरनं हातातली बाटली खाली ठेवली.

"जोडीतल्या दुसऱ्यांच्या शेपट्या तू कापून घेतल्या होत्यास ना?" काळजीबाईनं विचारलं.

स्वेटरनं बर्फातली एक बाटली उगाचच सरळ केली.

"स्वेटर?"

"घाई होती ना गं," स्वेटर म्हणाली. "म्हटलं, तुझे एवढे टक्के आलेत, तर कापायचा एक दिवस वाचवू."

"आणि मी म्हटलं, तुझा प्रयोग होणारच आहे, तर मी कशाला पुन्हा तपासू!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्या एवढ्याशा थंड खोलीत, बर्फाच्या खोक्यांच्या मध्ये, त्या अशा हसल्या की तोंडांतून निघालेल्या वाफेत एकमेकींना दिसेनाशा झाल्या. "पाचपैकी पाच!" स्वेटर मांडीवर थापा मारत म्हणाली. "किंचित सरांनी आपला सत्कार केला असता! शेपटीचा!"

"आता ऐक. एक जोडी राहिलीय. एकच. एक्क्याऐंशी टक्के."

"कोण?"

"गोगलगाय," काळजीबाई म्हणाली. गोगलगाय म्हणजे एक शेपटीवालं प्रोटीन, मण्यांवरून सुटायला तासन् तास लावणारं. "आणि रुसकी."

स्वेटरचं हसू मावळलं. "रुसकी? अगं, रुसकी?"

रुसकी ही फ्रिजमधल्या मागच्या कोपऱ्यातली बाटली. कुणीतरी केव्हातरी करून ठेवलेली, शेपटी नसलेली. तिला बर्फावरून उचलून टेबलावर ठेवलं की नळीतलं स्वच्छ पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं आणि खाली साका बसायचा. मीठ वाढवा, मीठ कमी करा, ती फुगून बसणारच. "तिनं माझं डोकं खाल्लंय," स्वेटर म्हणाली. "मी तिला सगळं करून पाहिलं, फक्त ओवाळायचं ठेवलं होतं! आज दिवस एकच आहे, काळजीबाई. उद्या बैठक. आणि तो तू रुसकीवर लावायला सांगतेस?"

"रुसकीला शेपटी नाही. ती मण्यांवर राहिली तर गोगलगायीला धरूनच राहील. दुसरी वाटच नाही तिला."

स्वेटरनं तोंड वाकडं केलं, नाक ओढलं, बर्फात बोट फिरवलं. "सरांना सांगितलंस?"

"आता जाते."

किंचित सर खोलीत एकटे होते, पुढ्यात चहा. काळजीबाईनं सांगायला सुरुवात केली आणि तिला वाटलं, आवाज तरी कापू नये. आवाज कापला नाही. उचक्या मात्र प्रत्येक पूर्णविरामाला हजर होत्या. सगळं ऐकून सरांनी कप बशीत ठेवला.

"हे किंचित गंभीर आहे," ते म्हणाले.

"हो सर. उच्."

"तुम्ही बोलला नसता तर उद्या पाचही जोड्या चिकटलेल्या दिसल्या असत्या?"

"हो सर."

"मीही टाळ्या वाजवल्या असत्या."

"हो सर. म्हणजे... किंचित."

सरांनी कप पुन्हा उचलला. "ही चूक सापडली कशी म्हणालात?"

"माझ्या मुलीनं कीबोर्ड बडवला."

"हं," सर म्हणाले. "आज दिवसभर आहे तुमच्याकडे. बैठक मात्र मला पुढे ढकलता येणार नाही. पाणी प्या."

काळजीबाई बाहेर आली तेव्हा तिला अंगावरून ओलं गोधडं काढल्यासारखं हलकं वाटत होतं. आता जे होईल ते खरं होईल. तेवढंही पुष्कळ होतं. पण खुर्ची हवी होती. फार हवी होती. तिनं घरी फोन करून गॅस बंद आहे का विचारलं.

दुपारनंतर तिला चैन पडेना. अर्धा दिवस कधीच संपला होता. नवरा डिंकीला पाळणाघरातून घेऊन परस्पर तिला न्यायला आला आणि काचेच्या दाराबाहेर उभा राहिला; डिंकी काचेला गाल, नाक, दोन्ही पंजे लावून चिकटली. आत थंड खोलीतून स्वेटर बाहेर आली. तिच्या हातात दोन छोट्या नळ्या.

"इकडे ये," ती म्हणाली. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. "ही रुसकी एकटी. टेबलावर ठेवली तशी." पहिली नळी तिनं दिव्यासमोर धरली. पांढरी, गढूळ, तळाला साका. "नेहमीचा रुसवा."

"आणि ही?"

"ही रुसकी, गोगलगायीबरोबर. तेवढाच वेळ बाहेर आहे."

दुसरी नळी दिव्यासमोर आली. काळजीबाईनं डोळे बारीक केले. मग मोठे केले. नळीत काहीच नव्हतं. म्हणजे सगळं होतं, आणि तरी आरपार दिव्याची तार दिसत होती. नुसतं स्वच्छ, लखलखीत पाणी.

"रुसली नाही?" काळजीबाई कुजबुजली.

"रुसली नाही!" स्वेटरचा आवाज फुटला. "एकटी होती म्हणून फुगत होती गं ती! तिला तिचा माणूस हवा होता! आणि आम्ही तिला मीठ पाजत बसलो!"

"मणी! मण्यांचं काय?"

"धू धू धुतले. मग मण्यांवर उरलं ते सोडवून जेलवर चालवलं. चल, बघ."

जेलचा तो ओला, थरथरता तुकडा, ज्यावर प्रत्येक प्रोटीनची वेगळी रेघ उमटते, प्रकाशाच्या पेटीवर होता. एका रांगेत एक निळी रेघ, गोगलगायीची. शेजारच्या रांगेत फक्त रुसकीला मण्यांवर घातलं होतं, तिथे कोरं. आणि तिसऱ्या रांगेत, जिथे दोघी एकत्र होत्या, तिथे एकीखाली एक दोन रेघा. ठसठशीत. शेपटी नसलेली रुसकी, गोगलगायीचा हात धरून, सगळ्या धुण्यातून टिकून राहिलेली.

काळजीबाईनं तिन्ही रांगा मोजल्या. पुन्हा मोजल्या. जेल उलटा तर ठेवला नाही ना, विचारलं. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो उचकीचा होता की किंकाळीचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं स्वेटरला मिठी मारली, स्वेटरनं तिला उचललं, दोघींचा तोल गेला आणि पिपेटला लावायच्या प्लास्टिकच्या बारीक टोकांचा अख्खा डबा जमिनीवर सांडला. काचेबाहेर नवरा दोन्ही हात दातांसारखे एकमेकांवर चावून दाखवत होता. बसली? बसली का?

"बसली!" काळजीबाई काचेतून ओरडली. "घट्ट बसली!"

गोंधळ ऐकून किंचित सर आले. सांडलेल्या टोकांवरून पाय उचलत त्यांनी जेल पाहिला. वाकून पाहिला. चष्मा काढून पाहिला. नळ्या पाहिल्या. मग ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मला... किंचित..." आणि थांबले. शब्द पुढे सरकेना. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

"सोमवारी तुमची खुर्ची खिडकीजवळ घ्या," ते म्हणाले. "मी सांगतो उचलायला. आणि बाई, यापुढे प्रोग्राम नवा शिकवला की आधी तुमच्या मुलीसमोर ठेवायचा. तिला 'नाही' म्हणाला तरच पुढे. हे मी लेखी काढणार आहे."

"आणि सासूबाई?" काळजीबाईनं विचारलं. "त्यांच्यासमोरही ठेवावा लागेल, सर. नाहीतर त्या रागावतील."

"त्यांच्यासमोरही."

नवऱ्यानं दार ढकललं तशी डिंकी सुटली. टोकांवरून घसरत, धडपडत ती आली आणि सरळ हिरव्या स्वेटरला जाऊन चिकटली. दोन्ही मुठींत लोकर, गाल लोकरीवर.

"अगं बाई!" स्वेटर विरघळली. "बघ, मी आवडले हिला! पहिल्या भेटीत!"

"मनावर घेऊ नकोस," काळजीबाई म्हणाली. "ती सगळ्यांनाच चिकटते. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही."

हे ऐकून किंचित सरांना धीर आला असावा. त्यांनी रुमाल खिशात टाकला, जरा वाकले आणि दोन्ही हात पुढे केले. "ये," ते म्हणाले.

डिंकीनं त्यांच्याकडे पाहिलं. चष्म्याकडे पाहिलं. पुढे केलेल्या हातांकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मान गर्रकन फिरवली आणि तोंड स्वेटरमध्ये लपवलं.

सगळे गार. नवऱ्यानं ओठ आवळले. स्वेटर छताकडे बघायला लागली.

सर सरळ झाले. "हा," ते म्हणाले, "किंचित नकार दिसतो."

काळजीबाईनं तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. ती जमिनीवर, त्या टोकांच्या पसाऱ्यात, फतकल मारून बसली आणि हसत राहिली. इतकी की, जमिनीवर सांडलेली ती बारीक टोकं लेक तोंडात घालेल, हेसुद्धा तिच्या डोक्यात आलं नाही. आलं ते नंतर, एकदम. आणि मग ती हसत हसतच गुडघ्यांवर रांगत, उचक्या देत, ती टोकं गोळा करायला लागली.